अदृश्य चोराला जादूगार हवा आहे

वटार, गुरुवार

तीर्थस्वरूप दिनूदादांस, धाकट्या जितेंद्रचा साष्टांग नमस्कार. इकडे सगळे ठीक. तुमचा सकाळचा खोकला सोमवारपासून कमी झालेला ऐकून बरे वाटले. वहिनींचे गुडघे कसे आहेत?

पत्रास कारण की, सत्तावन्नाव्या वर्षी मी चोर झालो आहे. घाबरू नका, कागदावरचा. आमची अनुष्का दर रविवारी मित्रमंडळी जमवून एक खेळ चालवते. गोष्ट ती सांगते, आपण एकेक पात्र घेऊन काय करतो ते बोलायचे, आणि ते जमले की फसले हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. (वीस! आकडा वाचायला मला चष्मा लागतो.) गेल्या रविवारी राजाचा खजिना लुटायचा होता. शेजारच्या गास गावचा फ्लॉईड आमचा जादूगार. त्याने हात लावून माझ्या चोराला अदृश्य केले. म्हटले, आता आपल्याला कोण विचारतो! सरळ पुढच्या दाराने शिरलो आणि पहारेकऱ्याचे ताट बघून म्हणालो, "वा, बोंबील!" अनुष्काने कपाळावर हात मारला. "पप्पा, दिसत नाही म्हणजे ऐकू येत नाही असं नाही!" पहारेकरी उठून हवेत चाचपडू लागला. तेव्हा तरी गप्प उभा राहिलो असतो तर निभावले असते, पण दादा, माझा स्वभाव तुम्ही जाणता. घातला त्याच्या डोक्यात तांब्या. आणि नियम असा, की अदृश्य माणसाने वार केला की जादू सुटते. तांब्यासकट मी सगळ्यांना लख्ख दिसलो. ("अंकल, दोन मिनिटं शांत बसायला काय जातं तुमचं?" इति फ्लॉईड.) चोर आता कोठडीत आहे. येत्या रविवारी फाशी.

बाकी क्षेम.

आपला,
जितेंद्र

ता. क. फ्लॉईड नोकरीसाठी पुण्याला गेला. जादूगाराची खुर्ची रिकामी आहे. कामाला स्थिर चित्ताचा माणूस हवा, कारण जादूगाराचे लक्ष उडाले की अदृश्य केलेला माणूस पुन्हा दिसू लागतो. तासन्‌तास चाफ्याच्या कळ्या खुडणारे तुम्हीच एक आठवता. रविवारी चार वाजता या. मधले कुंपण ओलांडले की आलेच.

ता. क. दुसरा. त्या कुंपणाच्या दोन बाजूंना आपण तीन वर्षे एकमेकांना दिसत नाही. खोकला मात्र रोज ऐकू येतो. तो बंद झाला की मला करमत नाही.

ता. क. तिसरा. तुमच्या सोनचाफ्याची फांदी, मी तेव्हा म्हणालो तशी, वाऱ्याने मोडली नव्हती. मीच कापली. वार माझा होता. पत्र आणणाऱ्या अनुष्काला चहा द्या, पण उत्तर तिच्याकडे देऊ नका. नियमाप्रमाणे आता मी तुम्हाला दिसायला हवा. मागच्या ओट्यावर उभा आहे.