ताईच्या नावापुढचा शेरा

दि. १२ ऑगस्ट २०२५, सकाळचे ७ वाजून १० मिनिटे
मु. आंजी (मोठी), जि. वर्धा

श्री. गजेंद्र भाऊजींस धनंजयचा नमस्कार.

आत्ताच छायाताईची डावी पोटरी टेपने मोजली. चौतीस सेंटिमीटर, उजवीपेक्षा एकानेच जास्त. फेब्रुवारीत हा फरक सहाचा होता.

तेव्हा गावात हत्तीरोगाच्या गोळ्या वाटल्या. माझं अक्षर चांगलं म्हणून आरोग्य केंद्राच्या आशाताईंनी मला यादी लिहायला बसवलं. ताई माहेरी आली होती. तिचा सुजलेला पाय पाहून मी कोणालाही न विचारता तिच्या नावापुढे 'हत्तीपाय' लिहिलं. तो शब्द गावभर झाला आणि तुमच्या हिंगणघाटलाही पोचला. तुम्ही तिला न्यायला आला नाहीत, त्याचं कारण माझा शेरा आहे.

नागपूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हा हत्तीरोग नाही. ओटीपोटात उजव्या पायाकडे जाणारी धमनी डाव्या पायाकडून येणाऱ्या शिरेला दाबत होती, म्हणून रक्त वर चढत नव्हतं. शिरेत जाळीची नळी बसवली आहे. ताई आता शेतापर्यंत चालत जाते.

एवढं लिहून मी ताईला वाचून दाखवलं आणि 'न्यायला या' असं खाली लिहू का, म्हणून विचारलं.

ती म्हणाली, "अक्षर चांगलं हाय तुहं बाबू, डोकं नाई. पाय उतरला म्हणून जो मले न्याले येईन, तो उद्या पाय पुन्हा सुजला तं काय करन?"

याचं उत्तर तुम्हीच देऊ शकता, भाऊजी, पण ते तुम्हाला विचारायची तिने मनाई केली आहे. म्हणून हे पत्र वहीतच ठेवतो.

तुमचा मेहुणा,
धनंजय