लॅपटॉपमधला विटोमिर

१४ ऑक्टोबर

सकाळपासून लॅपटॉप सुरू होत नाही. बटण दाबलं की दिवा लागतो, स्क्रीन काळीच. पुन्हा दाबलं – काळीच. विटोमिर, माझा नवरा, समोर बसून माझ्या तोंडाकडे बघतोय, जसा काही मीच बिघडवला!

त्यात त्याचा आवाज आहे. होता नव्हता तेवढा सगळा. गेल्या वर्षी ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढणार म्हटल्यावर शेजारच्या सिनिशाने – लॅपटॉप-मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं – आधीच विटोमिरला समोर बसवून त्याच्या आवाजात वाक्यं रेकॉर्ड करून घेतली. “कॉफी झाली का?” “दार लाव.” “यागोदा, चष्मा कुठाय?” बटण दाबलं की विटोमिर बोलतो. आमचा संसार त्यावर चाललाय. दुसरी कॉपी नाही.

१५ ऑक्टोबर

सिनिशा फोनवर सांगत होता, मी करत होते. चार्जर काढा, बॅटरी काढा, बटण दाबून धरा. धरलं. मग खालचं छोटं झाकण उघडून मेमरीची पट्टी काढायची, खोडरबराने घासायची, परत बसवायची. शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म गेला माझा, शंभर पोरांचं सूप एकटीने उकळलंय – आणि त्या एवढ्याशा पट्टीला हात लावायच्या आधी तीनदा हात पुसले.

बसवली. काळीच.

सासूबाई म्हणाल्या, दमला असेल, पडू द्या त्याला.

१६ ऑक्टोबर

फोनमधली बाई लिहिलेलं वाचून दाखवते म्हणे. विटोमिरने लिहिलं, सूप गरम कर. एका तरुण बाईने मला ठसक्यात सूप गरम करायला सांगितलं! सासूबाईंनी छातीवर क्रूसाची खूण केली. विटोमिरने फोन उशीखाली सारला. आता पाटी. तो लिहितो, मी चष्मा शोधते, तोवर सूप गार.

२० ऑक्टोबर

सिनिशा आला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उलटा केला आणि कडेला बोट दाखवलं. वारा यायच्या जाळीत कापूस. नीट ठासलेला, वरून जखमेची चिकटपट्टी.

“आजी, हे तुम्ही केलंत?” त्याने सासूबाईंना विचारलं.

“मग कोण करणार? त्या भोकातून सारखा वारा यायचा रे. थेट त्याच्या कुशीवर. गळा गेला, आता मूत्रपिंडंही घालवायची का?”

कोणी हसलं नाही. वाऱ्याचा झोत लागून माणूस मरतो हे इथे शेंबडं पोरही जाणतं. मी स्वतः उन्हाळ्यात समोरासमोरच्या खिडक्या उघडू देत नाही. सिनिशाने समजावलं की तो वारा आतली उष्णता बाहेर टाकण्यासाठी असतो, तो कोंडला म्हणून आतून सगळं भाजलंय. डिस्कही टकटक करतेय. बेलग्रेडला एकाकडे पाठवतो म्हणाला, पण शब्द देत नाही.

सासूबाई ऐकत होत्या. काय केलं ते त्यांना हळूहळू कळत गेलं, ते मला बघवेना. विटोमिरने पाटीवर लिहिलं, ‘जाऊ दे, आई.’ मी मात्र मागे आलुबुखाराच्या झाडांत जाऊन रडले. राग आला त्यांचा. फार राग आला, आणि तो काढायला जागा नाही.

२ नोव्हेंबर

बेलग्रेडहून काही नाही.

९ नोव्हेंबर

सेंट निकोलाचा दिवस जवळ येतोय. आमच्या घराण्याचा संत, त्याच्या दिवशी आमची स्लावा, घरचा सण. कुणाला बोलवायचं नसतं, ज्याला यायचं तो येतो, आणि यजमानाने दारात उभं राहून प्रत्येकाचं स्वागत करायचं. गेल्या वर्षी दाराशी स्टुलावर लॅपटॉप होता. “या, या, घर तुमचंच आहे.” लोकांनी डोळे पुसले, पण विटोमिर यजमान होता.

यंदा? सासूबाई बोलून गेल्या की पुतण्याला उभं करू या दारात. विटोमिर ताटावरून उठून गेला.

१६ नोव्हेंबर

ओब्राद आला होता, इस्पितळात विटोमिरच्या शेजारच्या खाटेवर होता तो. त्याचंही स्वरयंत्र काढलंय. पण हा बोलतो! हवा गिळतो आणि ढेकरेसारखी वर आणून त्यातच शब्द काढतो. “कॉ-फी. छान.” मला ऐकवेना, मी उगाच नळ सोडून भांडी विसळत बसले. सासूबाईंनी तोंडावरच विचारलं, जेवण जड गेलं का रे बाबा?

नंतर दोघं मागे, आलुबुखाराची दारू गाळायच्या खोपट्यात जाऊन बसले ते अंधार पडेपर्यंत.

२८ नोव्हेंबर

विटोमिर रोज खोपट्यात. आतून कडी. बाहेर येतो तेव्हा तोंड लाल, डोळ्यांत पाणी. पितोय! असं वाटून जवळ जाऊन वास घेतला. नाही. मग काय करतो? पाटी पुढे करून विचारलं तर खांदे उडवले. या माणसाचं काय करू, मला समजत नाही.

७ डिसेंबर

बेलग्रेडवाला म्हणतो, फार आशा धरू नका.

विटोमिरला सांगितलं. त्याने मान हलवली आणि कोट घालून खोपट्याकडे गेला. बस्स! मी ताट आपटलं. याचा आवाज गेला आणि याला काही नाही. मला आहे. काल बटाटे सोलताना तो आवाज आठवून बघितला. शब्द आठवले, आवाज आठवेना.

१९ डिसेंबर

स्लावा झाली. मेणबत्ती लावली, पाद्रींनी पाव कापला, मी बीन्स आणि मासे मांडले. दार वाजलं. विटोमिर पांढऱ्या शर्टात, गळ्याला रुमाल. पुतण्या पुढे व्हायला लागला तर त्याला हाताने मागे सारलं. दारात सिनिशाचे आईवडील. विटोमिरने हवा गिळली, मान ताणली.

“या,” म्हणाला. मग पुन्हा गिळून, “ब-सा.”

खोपट्यात हे चाललं होतं!

सासूबाई भिंतीला धरून पुढे आल्या. “पुन्हा बोल, बाळा.” तो पुन्हा बोलला. मग दिवसभर, आलेल्या प्रत्येकाला तेच दोन शब्द, उभ्या उभ्या.

आवाज भयंकर आहे. इथे लिहायला काय जातं – अंगावर काटा येतो.

२३ डिसेंबर

सिनिशाने बेकरीबाहेर गाठलं. सगळी वाक्यं मिळाली, बेलग्रेडहून पेनड्राइव्ह आलाय! दुकानात नेऊन माझ्या कानाला हेडफोन लावला. “यागोदा, ये ना, बस जरा.” भरदार, गोड, स्वच्छ. क्षणभर वाटलं, कोण हा माणूस? आणि विटोमिरला कळलं तर काय म्हणेल, म्हणून मी दाराकडे बघितलं.

सिनिशाला म्हटलं, तुझ्याकडेच ठेव. विटोमिरला सांगू नकोस, आता कुठे तो स्वतः बोलायला लागलाय.

घरी आले. विटोमिर दारात होता. “उ-शीर,” म्हणाला.

“हो,” म्हटलं, “पावाला रांग होती.”