सुपडूचं पितर

५ एप्रिल १९६६

पोहोचलो एकदाचा! पेणहून निघाल्यापासून रेल्वे झाली, एस.टी. झाली, भडगावहून बैलगाडी झाली, आता फक्त पालखी राहिली होती. तीही मिळाली असती, कारण वेशीवर शाळेची पोरं लेझीम घेऊन उभी होती. जन्मभर गणपती घडवले. ते वाजतगाजत जायचे आणि मी मागे रंगाचे डबे धूत बसायचो. आज पहिल्यांदा मिरवणूक माझी निघाली.

गाव गिरणेच्या काठी आहे. नदीत पाणी कमी आणि खरबुजांच्या वाड्या जास्त. खरबुजाला इथे डांगर म्हणतात. ऊन असं की धाब्याच्या छतावर ठेवलेला पापड विस्तवाशिवायच भाजून निघावा.

काम मोठं आहे. गेल्या सप्टेंबरच्या लढाईत पडलेल्या इथल्या जवानाचा सिमेंटचा उभा पुतळा करायचा, एक मेला अनावरण. कापसाचे व्यापारी पारसमल शेठ समितीचे अध्यक्ष आहेत, त्यांनीच मला शोधून काढलं. मुक्काम जवानाच्याच घरी. वडील धनसिंग आबा, उंच आणि मोजकं बोलणारे. आई ताईबाई. त्यांनी पाण्याचा तांब्या दिला आणि माझ्याकडे असं टक लावून बघितलं की अर्धं पाणी मी सदऱ्यावरच सांडलं. मुलगा माझ्याच वयाचा होता म्हणे.

माझ्याबरोबर गणपती रंगवणाऱ्या वसंताचं लग्न झाल्यापासून पेणला जीव रमत नव्हता. इथे रमेल असं वाटतं.

९ एप्रिल

चबुतरा मी यायच्या आधीच बांधून तयार आहे, आबांच्या खळ्यात. तिथे पूर्वी पेव होतं, जमिनीखाली धान्य साठवायचा खड्डा, त्याच्या तोंडावरच तो उभारलाय. समोर पणतीसाठी एक देवळी आहे आणि मागे एक फरशी अजून चुन्यात न बसवलेली, नुसती टेकवलेली. पुतळा चौकात शोभेल असं मी सुचवून पाहिलं. आबा म्हणाले, खळं त्याचं आहे, तो इथेच राहील. बापाच्या मायेपुढे मी काय बोलणार? जागेवरच सळया बांधून सिमेंट चढवायला घेतलं.

जवानाचं नाव सुपडू. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून याला जन्मल्यावर सुपात घालून टाकून दिल्यासारखं केलं आणि परत उचललं, म्हणजे मरणाची नजर जाऊ नये. नाव मला फार आवडलं. समितीला ते शहिदाला शोभेसं वाटत नाही, म्हणून पाटीवर ‘वीर जवान सुपडसिंग’ येणार. मिशी हवी, फोटोत नसली तरी. छाती हवी. आमच्या देवाचं पोट पुढे, यांच्या देवाची छाती, एवढाच काय तो फरक! नजर सीमेकडे हवी. सीमा कुठल्या बाजूला, असं विचारल्यावर एकाने अमळनेरकडे बोट दाखवलं, दुसऱ्याने धुळ्याकडे.

संध्याकाळी भाईदास गुरुजी पोरांकडून चबुतऱ्याभोवती कवायत करून घेतात. पाय आपटले की जमीन पोकळ वाजते. शेवटी ‘अमर रहे’ची आरोळी. नाक पुसता न येणारी पोरंसुद्धा ओरडतात, आणि खरं सांगायचं तर माझ्याही अंगावर काटा येतो.

१४ एप्रिल

चेहरा जमू लागलाय. फोटो एकच आहे, तोही कात्रीने कापलेला. शेजारी कुणीतरी उभा होता, त्याचा फक्त हात सुपडूच्या खांद्यावर उरलाय. सुपडू त्या कापलेल्या बाजूकडे बघून हसतोय. हे हसू मी ओळखतो. गणपती रंगवताना वसंता असाच मान वळवायचा. आम्ही दोघांनी त्याबद्दल कधी शब्द काढला नाही, आणि मार्गशीर्षात मीच त्याच्या अक्षतांना गेलो. लिहून ठेवतो, कारण इथे ही वही वाचणारं कुणी नाही: मी या फोटोकडे कामापेक्षा जास्त वेळ बघतो.

आज एक म्हातारी येऊन गेली, भिकुबाई. तिचा हिलाल सुपडूबरोबरच भरती झाला आणि त्याच लढाईत गेला. त्याचा पुतळा नाही, पाटीवर नावही नाही. तिने फोटोतल्या त्या हातावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, ‘‘हाऊ मना हिलालना हात शे.’’ हा माझ्या हिलालचा हात आहे. तेवढ्यात आबा आले आणि ती पदर सावरून निघून गेली.

ताईबाई रोज दिवेलागणीला देवळीत ताट ठेवतात. भाकरी, ठेचा, कांदा. सकाळी ताट लख्ख. मांजर म्हणावं तर इथली मांजरं ठेचाही चाटूनपुसून खातात, धन्य आहे खान्देशाची!

२० एप्रिल

आखाजी आलीय, आमच्याकडची अक्षय्यतृतीया. इथे त्या दिवशी पितरांसाठी पाण्याची घागर भरतात, वर डांगर ठेवतात. आणि एका जिवंत माणसाला पाटावर बसवून मेलेल्याच्या नावाने जेवू घालतात, त्या माणसालाच पितर म्हणतात. सुपडूचा हा पहिलाच मान. आबांनी मला बसायला सांगितलं. परक्या मुलखातला, त्याच वयाचा, त्याच अंगाचा. ताईबाई उठून आत गेल्या. मी हो म्हणालो. ज्याचं नाकतोंड रोज घडवतो त्याच्या नावाने चार घास खायला काय जातं?

२३ एप्रिल, आखाजी

ट्रंकेतून त्याचा गणवेश काढून मला घालायला दिला. हे ठरलं नव्हतं. अगदी मापात बसला, कॉलरपासून बुटांपर्यंत. आरशात पाहिलं तर छाती आपोआप पुढे आली. कापडात काय असतं कोण जाणे.

अर्धं गाव बघायला जमलं होतं. आबांनी निखाऱ्यावर घास टाकला, मला टिळा लावला. मांडे, आमरस, सांजोऱ्या. ताईबाई वाढत होत्या आणि रडत होत्या. ‘‘जेव रे भाऊ, पोटभर जेव,’’ एवढंच पुन्हा पुन्हा. मी नको म्हणालो तरी आबांनी वाढायला लावलं. शेवटचा घास गिळला तेव्हा आबांनी मोकळा श्वास सोडला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘‘आते तो पितरसमा गया.’’ आता तो पितरांत गेला.

संध्याकाळी देवळीत ताट ठेवलं नाही.

२४ एप्रिल

आजही ताट नाही. मी सहज विचारलं. ताईबाई म्हणाल्या, पितर जेवून गेल्यावर पुन्हा ताट वाढलं तर तो वाट चुकतो, परत येतो. एवढं बोलून त्या कोरडंच ताट पुन्हा घासत बसल्या.

भर दुपारी, गाव झोपलेलं असताना, मी सिमेंटवर ओली गोणपाटं टाकत होतो. चबुतऱ्यात काहीतरी वाजलं. घूस असेल. पण घूस थांबून, मग पुन्हा, तेवढ्याच अंतराने वाजवत नाही.

२५ एप्रिल

घूस नाही.

दुपारी देवळीजवळ वाकलो. तिला पाठ नाही. मागची वीट काढलेली आहे, आत अंधार आहे आणि त्या अंधारातून माणसाच्या अंगाचा वास येतो. आत कोण आहे, असं मी विचारलं.  मग अगदी हळू आवाज आला, ‘‘माय, आज बी ताट नही का?’’

मी पळालो. नदीच्या वाळूत जाऊन ओकलो. आखाजीचं जेवण अजून पोटात असल्यासारखं वाटत होतं. त्याचं ताट बंद करण्यासाठी मला जेवू घातलं. त्याच्या वाटचं शेवटचं जेवण मी जेवलो, वर आग्रहाच्या सांजोऱ्याही खाल्ल्या.

मग माझ्या जेवणातली भाकरी लपवून आणली. आतून हात आला. नखं वाढलेली, मनगट काठीसारखं. मी तो हात धरला, त्यानेही धरून ठेवला. भाकरी खाली पडली तरी सोडला नाही.

२६ एप्रिल

सुपडूच आहे. थांबत थांबत बोलतो. हिलाल त्याच्या मांडीवर गेला. त्याने हिलालला उसाच्या शेतात पुरलं आणि बंदूक टाकून चालत सुटला. मेल्याची तार गावात आधी पोहोचली होती, हा दिवाळीनंतर पोहोचला. बापाला त्याने सगळं सांगितलं: पळून आलो हेही, आणि हिलाल माझा कोण होता हेही. बाप म्हणाला, पोलीस येतील, चार दिवस पेवात लप. तो आपल्या पायांनी उतरला. मग वर विटा चढू लागल्या. मागची फरशी मी एकट्याने ओढून पाहिली, जागची हलली नाही.

त्याला एकच करायचंय. भिकुबाईला हिलालची जागा सांगायचीय.

मी रोज त्याच्या डोक्यावर वजन चढवत होतो. अंगठ्याने नीट दाबून दाबून.

२७ एप्रिल

भाईदास गुरुजींना सांगितलं. शिकलेला माणूस, पोरांचा लाडका. ते दचकले नाहीत. म्हणाले, ‘‘बठ्ठास्ले माहीत शे, भाऊ.’’ सगळ्यांना माहीत आहे. मग शांतपणे समजावत राहिले. या गावाला आजवर कुणी विचारत नव्हतं. आता एस.टी. मंजूर झाली, शाळेला खोली मिळाली, मोठे साहेब येऊन माती कपाळाला लावून गेले. पोरं छाती काढून चालायला लागली. या पोरांना मी काय सांगू, असं मलाच विचारलं. आणि तसला पोरगा जिवंत असून कुणाच्या कामाचा, असंही.

तसला. मी हो म्हणून मान हलवली. भीतीने हलवली. लाज वाटते.

२८ एप्रिल

सकाळी गवंडी येऊन देवळी बुजवून गेला. ओल्या चुन्यात काडीने फट ठेवली मी — त्याच फटीतून पपईच्या देठाची नळी घालून पाणी ओततो.

भडगावला जायचं म्हणालो. गाडी जुंपायला कुणी तयार नाही. चालत निघालो तर फाट्यावर चौघे बसलेले, उन्हात, काही न करता. हसून म्हणाले, पुतळा अर्धा सोडून कुठे चालले नाना? माघारी सोबत करायला दोघे आले.

२९ एप्रिल

माझ्याकडे एकच गोष्ट आहे. डोळे. आमच्या धंद्यात डोळ्यांची आखणी शेवटी, आणि ती माझ्याशिवाय इथे कुणाला येत नाही. आंधळ्या शहिदाला हार कोण घालणार? आबांना सांगितलं — आधी फरशी काढा, मग डोळे.

आबा चिडले नाहीत. म्हणाले, आधी डोळे. मग आवाज न चढवता पुढे बोलले. त्या फोटोकडे तुम्ही जसं बघता तसंच हिलाल सुपडूकडे बघायचा, म्हणाले. पहिल्या दिवसापासून मी पाहतोय तुम्हाला.

मी फोटो उपडा ठेवला.

३० एप्रिल, सकाळ

डोळे केले. सीमेकडे नाही. खाली. आपल्या पायांकडे, चबुतऱ्याकडे. जो कुणी समोर उभा राहील त्याला वाटेल, हा खाली काय बघतो? कधीतरी कुणीतरी वाकून बघेल.

आबा खूप वेळ पाहत राहिले. 

दुपार

फरशी काढलीय. खरंच काढलीय. पण तो चढू शकत नाही, अंगात त्राण नाही. आबा म्हणतात, मी हात दिला तर धरणार नाही, तुमचा धरेल. तुम्ही उतरा, दोर कमरेला बांधा, आम्ही ओढतो.

भिंतीशी चौघे उभे. फाट्यावरचेच. चुन्याचं घमेलं कालवून ठेवलंय — मला दिसतंय. मी मूर्ख नाही.

ताईबाईंनी माझ्या हातात फडकं दिलं. भाकरी बांधलीय. दोन माणसांना पुरेल एवढी. वर बघितलं नाही त्यांनी.

खालून तो हाक मारतोय. वसंताने हाक मारली नाही, मीही मारली नाही. ही मारतोय कुणीतरी — मला.

वही खिशात. जातो.

१ मे असावा

फटीतून उजेड येतो, बोटभर. त्यात लिहितो.

दोर वरून सोडला त्यांनी. फरशी — चुना थापल्याचा आवाज. मी ओरडलो. सुपडू म्हणाला, दम राख, हवा कमी शे.

भाकरी थोडी आहे. पाणी नाही. त्याचं डोकं माझ्या मांडीवर. फोटोतल्यासारखा नाही दिसत. तरी तोच.

हिलालची जागा त्याने मला सांगितली. कुणाला सांगू? लिहितो — विहिरीच्या उत्तरेला, उसाच्या बांधावर, शिसवीचं झाड —

वर बूट. पुष्कळ. माती डोळ्यांत पडते. लेझीम. आता पारसमल शेठ बोलतायत, शब्द कळत नाहीत. टाळ्या. कापड ओढलं असेल. एकदम सगळे गप्प — डोळे दिसले! त्यांना डोळे दिसले. कुणीतरी विचारेल आता. विचारा. कुणीतरी —

नाही. गुरुजींची शिट्टी. पोरं ओरडतायत, पुन्हा पुन्हा, अमर रहे, अमर रहे. मी ठोकतो, दगडाने ठोकतो, आणि पाय आपटण्यात ते —

सुपडू जागा झाला. माझा हात घट्ट धरून, डोळे मिटूनच विचारतो, ‘‘कोन मरी गया, भाऊ?’’

मी त्याला सांगितलं, कुणी नाही रे, अजून कुणीही —