जनूच्या बुलेटचं क्रोम

अंबरनाथ, १६ सप्टेंबर २०२४

चि. हर्षदा हिस,
आशीर्वाद लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो.

आधी बुलेटची धडधड यायची, मग गल्लीच्या तोंडाशी जनू. तो आवाज आला की बाबा चहा टाकायला सांगत. तुझा नवरा होण्याच्या कितीतरी आधीपासून जनू माझा पाठचा भाऊ होता. तो क्रोमच्या चकचकीत मडगार्डात बघून भांग पाडायचा, मी पायरीवर बसून शाळेतल्या कविता म्हणायचो. त्या मडगार्डात सकाळचं अख्खं आभाळ मावायचं.

काल माझ्या कल्पेशनं मोबाईलवर फोटो दाखवला. मडगार्ड, हँडल, दिव्याची कडी, सगळं काळं. माणूस जाऊन वर्ष झालं नाही आणि त्याच्या गाडीला तू काजळी फासलीस. थिनरनं पुसून काढ. दसऱ्याला गाडी नेहमीसारखी माझ्या दारात पूजेला येईल आणि यापुढे इथेच राहील. तुला कामावर जायला रिक्षा आहेत.

फोन तू कापतेस, म्हणून पत्र. लोभ असावा असं लिहिण्याइतका तो उरलेला नाही.
देवदत्त

बदलापूर, २१ सप्टेंबर

ती. भाऊजींना,
सा. न. वि. वि. यातलं पटेल तेवढं घ्या.

थिनरनं रंग जाईल, चमक येणार नाही. क्रोमवर रंग धरत नाही, म्हणून साबणानं धुऊन, ओला पॉलिश पेपर घासून ती चमक मी पार घालवली. मग प्रायमर, मग काळ्याचे पातळ हात. मडगार्ड गच्चीत कपड्यांच्या दोरीला टांगलं होतं, तर शेजारच्या बनूबाई विचारत होत्या, आता मी पापड कुठे घालू.

आणि काजळी कोणी फासली? दर दसऱ्याला तुम्ही त्याच मडगार्डावर नारळ फोडलात. पाणी, ओलं कुंकू तसंच ठेवायचं, दुसऱ्या दिवसापर्यंत पुसायचं नाही, हा तुमचा नियम. ह्यांनी फडकं उचललं की तुम्ही डोळे वटारायचात. तिथेच क्रोमला फोड आले, खाली गंज धरला, हात फिरवला की पापुद्रे निघायचे. तुम्ही आभाळ बघितलंत, मडगार्ड नाही.

गाडी देणार नाही. जांभूळला, सासूबाईंच्या घराजवळच्या पाणी शुद्धीकरण केंद्रावर माझी पहाटेची पाळी असते, तेव्हा रिक्षा मिळत नाही. नोकरी गेली तर मला तुमच्या दारात यावं लागेल, ते दोघांनाही नको आहे.

वहिनींना नमस्कार. तुमचा लोभ तुमच्यापाशीच असू द्या.
हर्षदा

अंबरनाथ, २७ सप्टेंबर

हर्षदा,
देवाच्या नारळाला दोष देणारी तू आपल्या घराण्यातली पहिलीच. उल्हासनगरला प्लेटिंगवाला बघून ठेवला आहे, पुन्हा क्रोम चढवून घेईन. रविवारी कल्पेश टेम्पो घेऊन येतो आहे. निमूटपणे गाडी चढवून दे.
देवदत्त

बदलापूर, १ ऑक्टोबर

ती. भाऊजी,
कल्पेश आला. आधी तावात होता. मग मडगार्डाची आतली बाजू बघितली, टेम्पो रिकामाच परत पाठवला आणि संध्याकाळपर्यंत आरशांच्या दांड्यांना पेपर मारत बसला. काका असते तर त्यांनीही हेच केलं असतं म्हणाला. त्याला रागावू नका, जेवून गेला आहे.

दसऱ्याला मी गाडी घेऊन येणार आणि पूजा झाली की तिच्यावरूनच परत जाणार. नारळ जमिनीवर फोडा.
हर्षदा

अंबरनाथ, दसरा

हर्षदा,
पोरगा काळी नखं घेऊन घरात फिरतो आणि माझ्याशी बोलत नाही. हे पत्र त्याच्याच हाती आत्ता पाठवतो आहे.

गाडी माझ्या दारात आणू नकोस. तोरण बांधून मी आतून कडी घातली आहे. त्या गाडीवरून जो कोणी येईल, तो कोणीही असो, त्याला माझा उंबरा बंद. माझा जनू चकचकीत होता, तो तसाच मला आठवू दे. एवढं तरी

कोणी कडी वाजवतंय. खिडकीतून बघितलं. तू फाटकाबाहेर गाडीवरच बसली आहेस, उतरायचंही नाव नाही. दारात आई आहे. जनू गेल्यापासून जांभूळच्या आमच्या जुन्या घराबाहेर पाऊल न टाकलेली आई, पदर खोचून, डोक्यावर जनूचं हेल्मेट. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात मला विचारते आहे की, देवा, आईला घरात घ्यायला मुहूर्त बघतोस का.