गाडी मीच चालवत होतो

अप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्यावरचा राग आता ओसरायला हवा होता. ओसरला नाही. परवा तर पुन्हा ताजा झाला, म्हणून लिहायला बसले आहे.

तुम्ही जीप घेतली तेव्हा परळीत आपलं सिमेंटचं दुकान जोरात होतं. जिकडंतिकडं स्लॅबची घरं उठत होती, गल्लीत रंगीत टीव्ही आले होते आणि तुम्हाला दारात गाडी हवी होती. भैय्या अकरावीत. ना लायसन, ना धड मिशी. वीजकेंद्राच्या राखेचे ट्रक जातात त्या रस्त्यावर नेऊन तुम्ही त्याला गाडी शिकवलीत आणि लगेच तिच्यात टेप बसवून आणलात. एका हातात स्टेअरिंग, दुसऱ्या हातानं तो कॅसेट पलटायचा आणि तुम्ही गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगायचात, "आमचं पोरगं रस्त्याकडं न बघता गाडी हाणतंय!" आई म्हणायची, "ही काय सांगायची गोष्ट हाय का?" त्यावर तुमचं ठरलेलं उत्तर, "तुला काय कळतंय गाडीतलं?"

आत्याच्या वास्तुशांतीला नेकनूरला निघालो तो दिवस मला अजून दिसतो. टळटळीत दुपार. भैय्याशेजारी तुम्ही, मागे आई आणि मी. गाव जवळ आलंय, टेपात फीत अडकते, गाणं घरघरायला लागतं. तुम्ही म्हणता, "काढ की बे ती, तुटंल." भैय्या वाकतो. मला समोरच्या काचेतून सायकलवरची मुलगी दिसते, दोन वेण्या, पाठीला दप्तर, माझ्याच वयाची. मी ओरडेपर्यंत ती रस्त्यात पडलेली असते आणि तिचा पाय भलतीकडेच वळलेला असतो.

भैय्या उतरला. "माझ्यामुळं झालं, माझ्यामुळं झालं," एवढंच म्हणत होता. तुम्ही त्याचा दंड धरून त्याला मागे आमच्यात कोंबलंत आणि पोलीस आल्यावर शांतपणे म्हणालात, "गाडी मीच चालवत होतो." नंतर सगळ्या भावकीत एकच बोलणं, बाप असावा तर असा! तुम्ही कोर्टाच्या तारखांना गेलात, मुलीच्या दवाखान्याचं सगळं बघितलंत. ती वाचली. आत्या सांगायची, पाय ओढत चालते.

त्याच आठवड्यात भैय्या जेवता जेवता म्हणाला, "अप्पा, मला तिला बघायला जायचंय."

"काई न्हाई जायचं. तू काय केलंच न्हाई."

"पर मीच तर..."

"केलंच न्हाई म्हणलं ना!"

त्यानं ताट सरकवलं. पुढे बरेच दिवस तो गाडीला शिवला नाही. त्याला भीती वाटत होती, अप्पा, आणि ती भीती त्याची होती, त्याच्या कामाची होती. तुम्हीच किल्ली त्याच्या हातात दिलीत, वर म्हणालात, "बायकांवानी भेतोस काय?" वर्षभरानं मी त्याला मित्रांपुढे बोलताना ऐकलं, "त्या दिवशी अप्पाच चालवत होते." तो खोटं बोलत नव्हता. त्याला तसंच आठवायला लागलं होतं.

मग कडा गावातलं ते लग्न. मित्राला शेजारी बसवून तो जीप घेऊन गेला आणि उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळला. तुम्ही मरेपर्यंत सांगत राहिलात की ट्रॉलीला मागं दिवा नव्हता. वाचलेला मित्र ओट्यावर बसून आम्हाला सांगून गेला होता, की अजून चांगलं ऊन होतं आणि भैय्या पायाशी पडलेली कॅसेट शोधत होता. तुम्ही त्या पोराला पुन्हा दारात उभं केलं नाहीत. आई त्यानंतर तुमच्याशी कामापुरतंच बोलायची. लोकांना वाटायचं, पोराच्या दुःखानं.

परवा माझी मुलगी गाडी चालवत होती. नुकतं लायसन मिळालंय तिला. अंबाजोगाईत मांडीवरचा फोन वाजला, तिनं खाली बघितलं आणि एका सायकलवाल्या म्हाताऱ्याला धक्का लागला. गुडघा फुटला, बाकी काही नाही. माझे यजमान दार उघडत म्हणाले, "मी बोलतो त्यांच्याशी, तिला बसू दे." मी त्यांचा हात धरला. मुलीला उतरवलं. गर्दी जमलेली, आणि तिनं त्या माणसापुढे उभं राहून सांगितलं, "बाबा, गाडी मी चालवत होते. माझं लक्ष फोनमध्ये होतं." तो म्हणाला, "नीट बघून चालव बाई. मला घरी लोक हायत." मग तिनंच त्याला दवाखान्यात नेलं, पट्टी होईस्तोवर बाकावर बसली, घरापर्यंत सोडून आली. माझ्याशी ती अजून बोलत नाही. पण काल निघताना तिनं फोन बंद करून मागच्या सीटवर टाकला. कुणी सांगितलं नव्हतं.

तेवढंच करायचं होतं, अप्पा. त्याला उतरू द्यायचं होतं.

तुम्ही नाही म्हणून हे पत्र पाठवता येत नाही, असं म्हणणं सोपं आहे. खरं सांगू? तुम्ही असतात तरी मी ते पाठवलं नसतं. तुम्ही दुकानात बसून चष्मा लावून एकेक ओळ वाचली असतीत, आणि ते मला बघवलं नसतं.