तुमचा आवाज विकायचा नाही

प्रिय अहो आई,

आज मी भरपूर बोलणी खाल्ली! तीही तुमच्या पश्चात, आणि थेट सातारा-इंदूरहून! कधी एकदा तुम्हाला सांगते असं झालं, म्हणून पंगत उठल्यावर भांडी तशीच ठेवून लिहायला बसले. रागावू नका, घासते नंतर.

आपल्या खानावळीच्या पेजवर आज मी पहिल्यांदा लाइव्ह आले. हो, मीच! इतकी वर्षं तुमच्यासमोर मोबाईल धरणारी सून आज स्वतः मोबाईलसमोर उभी राहिली. घाईघाईत आमटीचं झाकण काढून कॅमेऱ्याला दाखवलं आणि धडाधड कमेंट आल्या, "अहो वहिनी, आधी नैवेद्य!" साताऱ्याच्या एका काकूंनी तर लिहिलं, "सासूबाई असत्या तर मोबाईल गंगेत गेला असता." मी जीभ चावली, झाकण ठेवलं, देवाला नैवेद्य दाखवून आले. तोवर सगळे थांबले होते. आई, मला वाटलं होतं कुणी राहणारच नाही!

आपला पहिला व्हिडिओ आठवतो? गंगेकाठच्या आपल्या दुर्गाघाटाच्या गल्लीत गाडी येत नाही, आपली पाटी कुणाला दिसत नाही, मग इथं मराठी जेवण मिळतं हे यात्रेकरूंना कळणार कसं? म्हणून मी पेज काढलं आणि मोबाईल घेऊन चुलीपाशी आले. तुम्ही कडाडलात, "हटव तो मोबाईल! देवाला भोग लागला नाही अजून, तुझ्या लोकांना कसली एवढी जल्दी?" मी ते तसंच्या तसं पेजवर टाकलं. लोकांना आमटीपेक्षा तुमचं रागावणंच आवडलं! मग काय, "रागावणाऱ्या आजींची खानावळ कुठंय?" असं विचारत लोक गल्लीत येऊ लागले. त्यांनाही तुम्ही सोडलं नाहीत. "पानात टाकायचं होतं तर मागितलंत कशाला?" आणि ती माणसं खूश!

तुम्ही गेलात आणि पेज गप्प झालं. गेल्याचं कळवलं मी सगळ्यांना, पण पुढे दाखवणार काय? हळूहळू पंगत अर्धीच भरू लागली. खानावळ बंद करावी का, असं हे दोनदा बोलून गेले.

तशात एका मसाल्याच्या कंपनीचा माणूस आला. म्हणाला, "भाभीजी, फॉलोअर तो अम्माजी के हैं. उनकी आवाज़ हम मशीन से बना लेंगे, आप बस हाँ कर दीजिए." नमुना म्हणून त्यानं जाहिरात ऐकवली. हुबेहूब तुमचा आवाज! "वा सूनबाई! आज आमटी अगदी माझ्यासारखी झाली. हाच मसाला वापरत जा."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मसाल्याचं काय घेऊन बसलात, पहिल्या वाक्यानं आलं ते. आई, इतकी वर्षं तुमच्या हाताखाली रांधलं, एकदा तरी असं म्हणालात? "मीठ बरं आहे," इथवरच तुमची मजल! एक "छान" म्हणायला तुमचं काय जात होतं हो? तो माणूस नमुना माझ्या मोबाईलमध्ये ठेवून गेला. मी चोरून चोरून ऐकत राहिले.

शेवटी ह्यांना ऐकवलं. आधी हे रडले, मग डोळे पुसून म्हणाले, "आई आणि पुडीचा मसाला? आणि एवढं गोड? ही आई नव्हे गं." आम्ही दोघं किती दिवसांनी हसलो!

खरंच, तुम्ही काय म्हणायचात? "पुडीतला मसाला? त्यापेक्षा मीठभात खावा!" आता त्याच तोंडानं लोकांना पुडी घ्यायला सांगायचं? साताऱ्याच्या काकू तुमच्या भरवशावर ती घरी आणतील. त्यांना मी फसवू? काल त्या कंपनीवाल्याला फोन करून नाही म्हटलं. तर तो म्हणतो कसा, "फिर आपको देखेगा कौन?" असा संताप आला म्हणून सांगू! त्याच तिरमिरीत आज लाइव्ह आले.

आणि बघितलं की हो लोकांनी! तुमची आठवण काढत, मला सूचना देत शेवटपर्यंत बघितलं. बालाजी घाटाशी उतरलेलं नाशिकचं एक कुटुंब तर व्हिडिओ बघून तडक जेवायलाच आलं. ताटं कमी पडली, आई! शेजारच्या मिश्राइनकडून मागून आणावी लागली. आमटी जरा तिखट झाली होती. तुम्ही बोलला असतात.

खानावळ चालेल की नाही, ते आजच्या एका दिवसावरून मी सांगणार नाही. पण एक वचन देते. तुमचे व्हिडिओ आहेत तसेच राहतील, रागावण्यासकट. तुम्ही न बोललेला एक शब्दही तुमच्या आवाजात कुणाला ऐकवू देणार नाही, मलासुद्धा नाही. तो नमुना मी मघाशीच पुसून टाकला. पुसण्याआधी एकदा ऐकला, तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू? "आमटी अगदी माझ्यासारखी झाली."

नाही, आई. तुम्ही असं कधीच म्हणाला नव्हतात.

तुमची सून,
मंजिरी