पाचव्या कॅमेऱ्यातले आबा

प्रिय आबा,

तुमचं वर्षश्राद्ध होऊन आठ दिवस झाले आणि काल दुपारी मी ते कार्ड बघितलं. पाचव्या कॅमेऱ्याचं. वर्षभर ते माझ्या कपाटात, कानातल्यांच्या डबीत पडून होतं. बघायचा धीरच होत नव्हता. आता बघितलंय, आणि ज्यांना सांगावं ते तुम्हीच. दुसऱ्या कुणाला लिहू?

भोरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारी तुमची लेक वेल्ह्याच्या आपल्या डोंगरात कॅमेरे लावायला आली, तेव्हा किती हसला होतात तुम्ही! झाडाच्या बुंध्याला पट्ट्यानं बांधायचा हिरवट डबा. समोर काही हललं, की आपोआप फोटो काढणारा. मी मोठ्या ऐटीत पहिला डबा झऱ्यावर बांधला. तुम्ही म्हणालात, "पान्यावर कशाला? पान्याच्या वाटंवर बांध. पान्यावर जनावर बिचकतं, वाटंवर बिनघोर आसतं."

मी ऐकलं नाही. महिन्यानं कार्ड काढलं तर शेकडो फोटो, सगळे वाऱ्यानं हलणाऱ्या गवताचे! मग तुम्हीच कोयत्यानं समोरचं गवत साफ केलंत, डबा गुडघ्याएवढ्या उंचीवर आणलात. पुढच्या कार्डात भेकर आलं, साळिंदर आलं, आणि एका पहाटे कान फाटलेली बिबट्याची मादी. तुम्ही तिला बघताक्षणी ओळखलंत. "ही खिंडीतली. म्या हिला दोनदा बगितलीय."

"मग सांगितलं का नाही कधी?"

"तू कवा इचारलंस?"

खरंच, आबा, कधी विचारलं होतं मी तुम्हाला काही?

तुम्हाला मात्र एकच जनावर बघायचं होतं. पिसोरी. सशाएवढं, बिनशिंगांचं, अंगावर पांढरे ठिपके असलेलं इवलंसं हरीण. लहानपणी तुम्ही ते पाहिलं होतं. मी म्हणायची, आता उरलं नसेल. तुम्ही चिडायचात. "न्हाई म्हनाया तू समदा डोंगर हिंडलीयस का?" त्या पिसोरीसाठीच आपण पाचवा कॅमेरा लावला. सगळ्यांत लांब, डोंगराच्या धारेपल्याडच्या ओघळीत. तिथं मोबाईलला रेंज नव्हती. मला ते माहीत होतं.

त्या बुधवारी सकाळी मी भोरजवळच्या, उत्रोलीच्या माझ्या खोलीवरून फोन केला. अहवाल द्यायचा होता, घाई होती. म्हटलं, "आबा, पाचव्याची बॅटरी संपली असेल. जमलं तर बदलून याल?" जमलं तर! तुम्ही मला आयुष्यात कधी 'जमत नाही' म्हणाला होतात का?

पहाटेपासून तुमच्या छातीत जळजळत होतं, हे आईनं मला नंतर सांगितलं. तिनं तुम्हाला दारात अडवलंही होतं. "पोरीचं काम आडलंय," म्हणालात आणि निघालात. फोनवर एक शब्द बोलला असतात, तर काय बिघडलं असतं? इतका राग येतो मला तुमचा! आणि मग आठवतं, बरे आहात ना, एवढंही मी विचारलं नव्हतं. बॅटरीचं बोलले आणि फोन ठेवला.

दुपारी जेवायला आला नाहीत, तेव्हा आईनं तुमच्या भावाला, तात्यांना बोलावलं. ते चार माणसं घेऊन शोधत निघाले. तुम्ही सापडलात तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. तुमच्याबरोबर त्यांनी तो डबाही सोडून आणला. मी पोचले तोवर तुम्हाला ओसरीवर ठेवलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदयविकाराचा झटका होता, झटकन गेले असतील, त्रास झाला नसेल. त्या 'झटकन'ला धरून मी वर्ष काढलं.

झटकन नव्हतं ते, आबा.

फोटोवर वेळ छापलेली असते. दहा चाळीसला तुम्ही बॅटरी बदलून, पाटी धरून उभे आहात. मी शिकवलं होतं तसं, पाटीवर खडूनं कॅमेऱ्याचा नंबर आणि तारीख. पुढच्या फोटोत तुम्ही पाठमोरे. मग दगडावर बसलेले, टोपी हातात. मग कॅमेऱ्याकडे बघताय. तोंड उघडं. काहीतरी बोलताय, एक नाही, सात-आठ फोटोंत. एकात हात वर केलाय. कुणाला हाक मारत होतात? मला? त्या डब्याला ऐकू येत नाही हो! तो नुसता बघतो. आणि तो मीच आणला होता तुमच्या डोंगरात.

साडेबारापर्यंत तुम्ही मधून मधून हलताय. पुढं बराच वेळ फोटोच नाहीत. समोर हलणारं काही उरलं नव्हतं. तीन वाजता एक मुंगूस आलं, तुमच्या पायापाशी थांबलं आणि गेलं. त्या फोटोत तुमचा हात छातीवर आहे. साडेबाराला होता तिथंच.

जवळजवळ दोन तास, आबा. त्या दोन तासांत मी स्टाफरूममध्ये पेपर तपासले, दोनदा चहा प्यायले, कुणाच्या तरी विनोदाला हसलेसुद्धा. आणि पुढं त्या अहवालात पाचव्या कॅमेऱ्यासमोर काय लिहिलं, ठाऊक आहे? 'नोंद नाही.' कार्ड न बघताच.

आई आता माझ्याकडेच असते. काल मी लॅपटॉप मिटला, तर दारात उभी.

"काय दिसलं गं?"

"काही नाही. बॅटरी बंदच होती."

ती येऊन शेजारी टेकली. "खोटं नगं बोलू. दाव मला."

मी नको नको म्हणत राहिले. तिनं स्वतःच्या हातानं झाकण उघडलं. एकेक फोटो बघितला. रडली नाही. पडद्यावर तुमच्या सदऱ्यापाशी बोट टेकवलं आणि म्हणाली, "वरलं बटन तुटलं हुतं. लावून देते म्हनलं, तर थांबलं न्हाईत." मग, "काय म्हनत्यात गं? पानी म्हनत्यात का?"

आम्ही दोघी तेवढेच सात-आठ फोटो पुढं-मागं करत बसलो, तुमच्या ओठांवरून एखादा शब्द तरी लागतोय का बघत. नाही लागला.

लोक म्हणतात, आवडत्या डोंगरात गेले, नशीबवान. ऐकवत नाही मला. पाण्याचा घोट द्यायला कुणी नव्हतं, यात कसलं नशीब? उरलेले चार कॅमेरे मी केव्हाच सोडून आणलेत. विद्यार्थी विचारतात, मॅडम, परत कधी लावायचे? मी विषय बदलते.

आईला ती जागा बघायची आहे. गुडघे साथ देत नाहीत, तरी म्हणते, "बसत बसत जाऊ." येत्या रविवारी मी तिला नेणार आहे, तात्यांना सोबत घेऊन. तिथं जाऊन मन हलकं होईल असं मला वाटत नाही. काही सुटेल, काही भरून येईल, असंही नाही. पण ती जितक्यांदा टेकेल तितक्यांदा मी तिच्या शेजारी टेकेन, आणि ती एका पावलानंही माझ्या नजरेआड होणार नाही. एवढं वचन देते, आबा. याहून मोठं काही द्यायची माझी लायकी उरलेली नाही.

तुमची,
शालन